झाकणवालं अंडं दिसलं, पण कुणाचं?

काचपट्टी

नमस्कार मंडळी,

इथे बरेच जण लॅबवाले आहेत म्हणून विचारतेय, जरा घाईचं आहे.

आज नोकरीपूर्व तपासणीसाठी आलेल्या एका माणसाच्या स्टूलमध्ये झाकण असलेली अंडी दिसली. माणूस ठणठणीत आहे. ताप नाही, पोटदुखी नाही, कावीळ नाही. साध्या सलाइन माउंटमध्ये (मिठाच्या पाण्यात कालवलेल्या थेंबात) काहीच नव्हतं. फॉर्मॉल-इथाइल अ‍ॅसिटेट करून (रसायनांनी अंडी तळाशी गोळा करायची पद्धत) गाळ पाहिला तर एका स्लाइडवर दोन अंडी. लांबट गोल, पिवळसर तपकिरी, कवच पातळ, आत दाणेदार माल खच्चून भरलेला. एका टोकाला बारीक रेघ दिसते, आणि फाइन फोकस हलवला की ती झाकणाची कड आहे हे कळतं.

आयपीसमधल्या पट्टीवर मोजलं. लांबी १४ घरं, रुंदी ८ घरं. आमच्या मायक्रोस्कोपवर 'एक घर = २.५ मायक्रॉन' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, म्हणजे ३५ बाय २०. तक्त्यात क्लोनॉर्किस सायनेन्सिससाठी (यकृतातला एक चपटा कृमी) २७ ते ३५ बाय १२ ते २० दिलंय. डायक्रोसीलियम या दुसऱ्या यकृतकृमीसाठी ३५ ते ४५. मग क्लोनॉर्किसच ना? हा प्राणी मी आजवर फक्त परीक्षेत पाहिलाय. संध्याकाळी रिपोर्ट द्यायचाय.

जुना_मायक्रोस्कोप

रिपोर्ट थांबवा. आधी एवढंच सांगा, मोजताना ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) कोणतं लावलं होतं?

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. क्लोनॉर्किसचं अंडं इवलंसं असतं. त्याचं झाकण खांद्यावर बसतं, म्हणजे झाकणाखाली कवचाची कड बाहेर आलेली स्पष्ट दिसते, आणि दुसऱ्या टोकाला बारीक गाठ असते. आत मिरासिडियम, म्हणजे अळी, आधीच तयार झालेली असते. तुम्ही म्हणताय आत दाणेदार माल आहे. तो माल म्हणजे पिवळ बलकाच्या पेशी. अळी अजून घडलेलीच नाही. हे मोठ्या पर्णकृमींचं (पानासारख्या चपट्या कृमींचं) लक्षण झालं.

दुसरं, तुम्ही झाकणाची रेघ इतकी सहज पाहिलीत त्या अर्थी १० चं ऑब्जेक्टिव्ह असावं असा माझा अंदाज. १० खाली ३० मायक्रॉनचं अंडं म्हणजे तीळसुद्धा नाही, खसखस. नवखा माणूस त्याच्यावरून पुढे निघून जातो.

काचपट्टी

अरे देवा. १० चंच होतं.

आत्ता स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे मापाची काच, शोधून काढला (कपाटात मागे, कापडात गुंडाळलेला). ती २.५ ची चिठ्ठी ४० च्या ऑब्जेक्टिव्हची आहे. १० ला एक घर बरोबर १० मायक्रॉन येतंय. म्हणजे अंडं १४० बाय ८०!

चौपट चुकले होते. थोडक्यात वाचले. सर, मनापासून आभार.

जुना_मायक्रोस्कोप

यात लाजण्यासारखं काही नाही. अशा चिठ्ठ्यांवर ऑब्जेक्टिव्हचा आकडा क्वचितच लिहिलेला असतो. शिवाय आयपीस बदललं, दुरुस्तीनंतर मायक्रोस्कोप परत आला, की पुन्हा कॅलिब्रेशन करायचं असतं, तेही कुणी करत नाही.

आता १४० बाय ८० म्हणजे काय ते बघू. फॅसिओला हेपॅटिका या मोठ्या यकृतकृमीची अंडी साधारण १३० ते १५० बाय ६० ते ९० मायक्रॉन. फॅसिओला जायगँटिकाची त्याहून मोठी, पण दोघांची मापं एकमेकांत मिसळतात. जिथे दोन्ही जाती आढळतात तिथे अंड्यावरून जात सांगू नये, नुसतं 'फॅसिओला' म्हणून थांबावं. आणि तिसरा दावेदार फॅसिओलॉप्सिस बस्की, तो यकृतात नाही, आतड्यात राहतो. त्याची अंडी १३० ते १४० बाय ८० ते ८५. म्हणजे तुमचं अंडं दोन्हीकडे बसतं. फॅसिओलाच्या अंड्याचं झाकणाविरुद्धचं टोक थोडं खरबरीत असतं असं सांगतात. तेवढ्यावर मी तरी सही करणार नाही.

मग रिपोर्टात काय लिहायचं? 'फॅसिओला / फॅसिओलॉप्सिस प्रकारची अंडी, माप अमुक, दोन्हींत फरक करण्यासाठी पुढील तपासणी आवश्यक.' इतकंच. अर्धवट वाटतं, पण तेवढंच खरं आहे.

किडामुंगी

माझा वैद्यकाशी संबंध फक्त आजारी पडण्यापुरता. एक बाळबोध प्रश्न, चौपट चुकलं असतं तर रुग्णाचं काय बिघडलं असतं? शेवटी जंतच ना, जंताचं औषध द्यायचं.

जुना_मायक्रोस्कोप

बाळबोध नाही, सगळं घोडं तिथेच पेंड खातं. क्लोनॉर्किस, त्याचा भाऊबंद ऑपिस्थॉर्किस आणि आतड्यातला फॅसिओलॉप्सिस यांना प्राझिक्वांटेल लागू पडतं. फॅसिओलाला पडत नाही. बहुतेक चपट्या कृमींना मारणारं हे औषध नेमकं फॅसिओलापुढे हात टेकतं. त्याला ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. आज 'क्लोनॉर्किस' असा रिपोर्ट गेला असता आणि माणसाला खरंच फॅसिओला असता, तर तो प्राझिक्वांटेल घेऊन निवांत राहिला असता आणि कृमी त्याच्या पित्तनलिकेत पुढची कित्येक वर्षं नांदला असता.

गाळ_उपसा

मी जनावरांच्या लॅबमधला. फॅसिओला हा आमच्या घरचाच पाहुणा, त्यामुळे राहवलं नाही.

काचपट्टीताई, एक गोष्ट सगळ्यात आधी विचारा. त्या माणसाने गेल्या दोन-तीन दिवसांत जनावराची कलेजी खाल्ली होती का? लागण झालेल्या जनावराच्या यकृतात अंडी असतात. ती खाल्ली की पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात. शिजवलेली असली तरी कवच टिकतं आणि स्लाइडवर झोकात दिसतं. त्या माणसाला आजार नसतोच, अंडी नुसती प्रवासाला आलेली असतात. माणूस ठणठणीत, अंडी दोनच, हे वाचून मला आधी तेच आठवलं.

यावर उपाय सोपा आहे. काही दिवस कलेजी पूर्ण बंद, मग वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने. अंडी गायब झाली तर खोटी लागण.

दुसरं, फॉर्मॉल-इथाइल अ‍ॅसिटेट चांगलंच आहे, पण फॅसिओलासाठी आम्ही नुसतं पाणी वापरतो. अंडं मोठं आणि जड, झटकन तळाशी बसतं. पाच-दहा ग्रॅम माल पाण्यात कालवायचा, गाळणीतून उंच निमुळत्या ग्लासात ओतायचा, पाच मिनिटं थांबायचं, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं, पुन्हा पाणी भरायचं. वरचं पाणी नितळ होईपर्यंत हेच. शेवटी उरलेल्या चमचाभर गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब. बाकी सगळा कचरा निळा होतो आणि फॅसिओलाचं अंडं रंग घेत नाही, पिवळंधमक राहतं. १० काय, ४ च्या ऑब्जेक्टिव्हखालीसुद्धा डोळ्यात भरतं. पहिल्यांदा पाहिलंत की विसरणार नाही.

काचपट्टी

कलेजीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर तो प्रश्नच नाही. रिपोर्ट थांबवलाय, डॉक्टरांना फोन करून सांगितलं. उद्या तो माणूस येतोय.

तळ्यात_मळ्यात

पाण्यात बुडण्यावरून आमचं पाप आठवलं. एका लॅबमध्ये होतो (नाव नको), तिथे सगळ्या स्टूलना झिंक सल्फेट फ्लोटेशन. घनता १.१८, हायड्रोमीटर लावून अगदी काटेकोर. अंडी वर तरंगतात, कव्हरस्लिपला चिकटतात, कचरा खाली राहतो, स्लाइड स्वच्छ. आम्हाला फार अभिमान होता.

मग बाहेरून एक सर आले. त्यांनी फ्ल्यूकची, म्हणजे पर्णकृमीची, अंडी असलेला नमुना मुद्दाम मिसळून दिला आणि आम्ही चौघांनी 'काही नाही' लिहिलं. झाकणवाल्या अंड्यांचं झाकण त्या खारट द्रावणात उघडतं, आत द्रव शिरतो आणि अंडं सरळ तळाला जातं. आम्ही वरची कव्हरस्लिप बघत होतो, पुरावा नळीच्या बुडाशी पडलेला. आणि ती नळी आम्ही रोज सिंकमध्ये ओतत होतो. त्याआधी किती ओतल्या असतील ते न मोजलेलंच बरं.

गाळ_उपसा

+१. घनता १.३५ पर्यंत नेली तर पर्णकृमींची अंडीही तरंगतात. फ्लोटॅक पद्धतीत त्यासाठी तसं जड झिंक सल्फेट वापरतातही. पण अंडी वेडीवाकडी होण्याआधी पटकन मोजावी लागतात. रोजच्या कामाला गाळच बरा.

सांजपाऊल

मध्येच शिरतेय, माफ करा. मी लॅबमधली नाही. माझ्या वडिलांना पाच आठवडे ताप येतोय, उजव्या बरगडीखाली दुखतं, वजन उतरलंय. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ४२ टक्के. सोनोग्राफीत यकृतात दोन-तीन डाग दिसले, आधी गळू म्हणाले, मग गाठ तर नाही ना असं म्हणाले आणि घर हादरलं. आता एका डॉक्टरांनी लिव्हर फ्ल्यूकचा संशय व्यक्त केलाय. पण तीन वेळा स्टूल तपासलं, तिन्ही वेळा निगेटिव्ह. इथे सगळे अंड्यांबद्दल बोलताय. अंडीच नाहीत म्हणजे फ्ल्यूक नाही असं समजायचं का?

जुना_मायक्रोस्कोप

नाही, ताई. तसं अजिबात समजू नका. निदान डॉक्टरच करतील, मी फक्त तपासण्यांचा हिशेब सांगतो.

फॅसिओलाचं पिल्लू आतड्यात सुटतं, आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतं, यकृताचं वरचं आवरण फोडून आत शिरतं आणि पुढचे सहा ते आठ आठवडे यकृताचा मांसल भाग कुरतडत फिरतं. पित्तनलिकेत पोचल्यावर ते वयात येतं आणि अंडी घालतं. पहिलं अंडं स्टूलमध्ये दिसायला लागण झाल्यापासून तीन ते चार महिने जातात. ताप, दुखणं, इओसिनोफिल यांचा सगळा धुमाकूळ त्याआधीचा. म्हणजे माणूस सर्वांत आजारी असतो तेव्हा अंडी नसतात, आणि अंडी सापडतात तोवर तो पुष्कळदा सावरलेला असतो.

म्हणून पाचव्या आठवड्यातल्या तीन निगेटिव्ह स्टूलना माझ्या लेखी काही अर्थ नाही. तीस तपासली तरी तेच उत्तर येईल. या टप्प्यावर रक्तातली अँटीबॉडी बघायची. ती लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसू लागते.

टक्क्यापेक्षा इओसिनोफिलचा प्रत्यक्ष आकडा विचारा. एकूण पांढऱ्या पेशी किती आहेत?

सांजपाऊल

रिपोर्ट समोर आहे. १४,०००.

जुना_मायक्रोस्कोप

म्हणजे ५,८८०. साधारण ५०० च्या वर गेला की वाढलेला म्हणतात. हा आकडा काहीतरी सांगतोय, पण एकट्या फ्ल्यूकचं नाव घेत नाही. टॉक्सोकारासारखे इतर कृमी, काही औषधांची रिअ‍ॅक्शन, रक्ताचे आजार, यातूनही असं होतं. म्हणून अँटीबॉडी.

सीटी झाला असेल तर रेडिओलॉजिस्टना एक विचारायला सांगा. डाग गोल गरगरीत आहेत की यकृताच्या कडेकडेने, आवरणाखालून निघालेल्या वाकड्यातिकड्या बोगद्यांसारखे? आणि पुन्हा स्कॅन केला तर जागा बदललेली दिसते का? गाठ जागा बदलत नाही. कृमी बदलतो.

प्रायमर

मी रेण्वीय निदानात आहे. वाचतोय केव्हाचा, आता बोलतोच. अंडी, गाळ, मिथिलीन ब्लू हे सगळं गोड आहे, पण पीसीआर (डीएनए वाढवून ओळखायची चाचणी) असताना 'फॅसिओला / फॅसिओलॉप्सिस' असा तिरकी रेघ मारलेला रिपोर्ट कशाला द्यायचा? आयटीएस-२ हा डीएनएचा तुकडा वाढवला की जात समोर येते.

क्लोनॉर्किस-ऑपिस्थॉर्किसकडे तर याहून वाईट स्थिती आहे. ऑपिस्थॉर्किस व्हिवेरिनीचं अंडं १९ ते ३० मायक्रॉन. हॅप्लॉर्किससारख्या आतड्यातल्या बारक्या पर्णकृमींची अंडी हुबेहूब तशीच, त्याच मापाची. अनेक ठिकाणी दोन्ही लागणी एकाच माणसात असतात. मायक्रोस्कोपवाला म्हणतो 'ऑपिस्थॉर्किस सापडला'. खरं तर त्याने 'छोटं झाकणवालं काहीतरी सापडलं' म्हणायला हवं. आणि ते काहीतरी नक्की कोण हे कळणं गरजेचं आहे, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ऑ. व्हिवेरिनीला आणि २००९ मध्ये क्लोनॉर्किसलाही पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलंय. पित्तनलिकेचा कर्करोग. हॅप्लॉर्किसचं नाव त्या यादीत नाही.

जुना_मायक्रोस्कोप

हॅप्लॉर्किसबद्दल शंभर टक्के मान्य.

पण प्रायमरराव, तुम्हाला डीएनए कुठून मिळणार? त्या अंड्यातूनच ना? नमुन्यात अंडंच नसेल तर पीसीआर काय वाढवणार? सांजपाऊल यांच्या वडिलांचं स्टूल तुमच्याकडे पाठवलं तरी उत्तर निगेटिव्हच यायची शक्यता जास्त.

प्रायमर

तेवढं मान्य. आणखी दोन रडगाणी मीच गातो, तुम्ही काढण्याआधी. एक, अंड्याचं कवच महाकठीण. काचेच्या मण्यांनी घुसळून नाहीतर गोठवून-वितळवून फोडलं नाही तर डीएनए आतच राहतो. दोन, स्टूलमधली पित्तक्षारं आणि गुंतागुंतीच्या शर्करा डीएनए वाढवणाऱ्या पॉलिमरेजलाच अडवतात. म्हणून प्रत्येक नमुन्यात अंतर्गत कंट्रोल (वाढायलाच हवा असा ओळखीचा डीएनए) टाकायचा. तो वाढला नाही तर 'निगेटिव्ह' नाही, 'चाचणी फसली' असं लिहायचं.

आणि कृपा करून आम्हाला फॉर्मॅलिनमधला नमुना पाठवू नका. अर्धे नमुने तसेच येतात. ताजा बर्फावर, नाहीतर इथेनॉलमध्ये.

काचपट्टी

एक शंका. पाहणीसाठी गावोगाव फिरतात तेव्हा काटो-कॅट्झ (मोजक्या स्टूलचा जाड थर स्लाइडवर पसरून अंडी मोजायची पद्धत) वापरतात. ती या गाळापेक्षा चांगली का? आम्हाला कॉलेजात तीच 'सुवर्णमान' म्हणून शिकवली होती.

जुना_मायक्रोस्कोप

सुवर्णमान, पण कशासाठी ते बघायला हवं.

काटो-कॅट्झच्या साच्यात ४१.७ मिलिग्रॅम स्टूल बसतं. त्यातली अंडी मोजून २४ ने गुणलं की एका ग्रॅममधला आकडा. क्लोनॉर्किसचा एकेक कृमी दिवसाला हजारो अंडी घालतो, अंगात शेकडो कृमी असतील तर स्लाइड भरून वाहते आणि 'हलकी, मध्यम, भारी' लागण असा हिशेब छान मांडता येतो. लोकसमूहाच्या पाहणीला उत्तम.

फॅसिओलाच्या माणसात बहुधा थोडेच कृमी, थोडीच अंडी. समजा ग्रॅमला पाच अंडी जातायत. तर ४१.७ मिलिग्रॅममध्ये सरासरी ०.२ अंडं. अंडी सारखी विखुरलेली धरली तर शंभरातल्या ८१ स्लाइड कोऱ्या निघणार. सहा स्लाइड केल्या तरी सगळ्याच्या सगळ्या कोऱ्या निघण्याची शक्यता २९ टक्के उरते. आता गाळ_उपसा यांचा ग्लास घ्या. दहा ग्रॅम माल म्हणजे ५० अंडी. ओताओतीत निम्मी गेली तरी २५ तळाशी आहेत. या बाबतीत जनावरांच्या डॉक्टरांचा ग्लास भारी पडतो, मला सांगायला संकोच नाही.

पातळ जुलाबावर काटो-कॅट्झ चालत नाही हे वेगळंच. साच्यात माल थांबतच नाही.

गाळ_उपसा

कॉलर ताठ झाली. :)

किडामुंगी

अवांतर करतो, रागावू नका. वरचं वाचून जरा शोधाशोध केली. क्लोनॉर्किस पहिल्यांदा सापडला तो कलकत्त्यात. १८७४ मध्ये मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जेम्स मॅककॉनेल नावाच्या डॉक्टरने एका तरुण चिनी सुताराचं शवविच्छेदन केलं आणि पित्तनलिका या कृमींनी भरलेल्या दिसल्या. पुढल्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. म्हणजे तेव्हा निदानाची पद्धत काय, तर आधी माणूस मरू द्यायचा.

प्रायमर

त्या पद्धतीची अचूकता मात्र अजून कुणी गाठली नाही.

जुना_मायक्रोस्कोप

कोपरखळी कळली. पण जिवंत माणसातही थेट पित्तापर्यंत पोचता येतं. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये गुंडाळलेला दोरा गिळायला देतात, टोक गालावर चिकटवतात. काही तासांनी दोरा ओढून काढला की खालच्या पिवळ्या, पित्ताने भिजलेल्या भागाचा ओघळ स्लाइडवर घेतात. पित्तनलिकाच तुंबली असेल तर स्टूलमध्ये अंडी उतरत नाहीत, तिथे ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेपर्यंत जायची तपासणी) करताना काढलेलं पित्त तपासायला मागा. कधी कधी एंडोस्कोपीवाल्यांच्या फुग्यात जिवंत कृमीच अडकून येतो. पानासारखा, तीन सेंटिमीटरचा, वळवळणारा. मग मायक्रोमीटरचं काम नाही.

सांजपाऊल

नमस्कार. बारा दिवसांनी येतेय. बाबांची फॅसिओला अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. आधी एलायझा ही रक्तचाचणी केली, मग खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट ही दुसरी. रेडिओलॉजिस्टनी सीटी पुन्हा पाहिला, कडेच्या वाकड्या रेघा त्यांनाही पटल्या. औषध देऊन आठवडा झाला, ताप उतरलाय, जेवण वाढलंय. गाठ नाही हे कळल्यावर आई पहिल्यांदा झोपली.

आता एकच. कृमी गेले का हे बघायला पुढच्या महिन्यात अँटीबॉडी पुन्हा करू का?

जुना_मायक्रोस्कोप

फार बरं वाटलं वाचून.

पुढच्या महिन्यात करू नका, उगीच घाबराल. अँटीबॉडी ही पाहुण्याची आठवण असते, पाहुणा गेल्यावरही घरात रेंगाळते. उतरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर इओसिनोफिलचा आकडा खाली येतोय का ते बघा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी. तीन-चार महिन्यांनी स्टूल मात्र जरूर तपासा. औषधातून एखादा वाचला असेल तर तोवर तो अंडी घालायला लागलेला असेल.

प्रायमर

स्टूलमधलं अँटिजन शोधणारी एलायझा उपलब्ध असेल तर तेव्हा तीही करता येईल. ती कृमीने टाकलेलं द्रव्य पकडते, शरीराची आठवण नाही. कृमी मेले की काही आठवड्यांत निगेटिव्ह होते. ऑपिस्थॉर्किससाठी तर थायलंडमध्ये लघवीतलं अँटिजन पकडणारी चाचणी विकसित केलीय. स्टूलचा डबा घेऊन रांगेत उभं राहायला लोक लाजतात, लघवीला कुणी नाही म्हणत नाही.

तळ्यात_मळ्यात

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की निदान पक्कं असंही नाही ना? शिस्टोसोमा, पॅरागोनिमस या इतर पर्णकृमींशी गल्लत होते असं वाचलंय.

प्रायमर

जुन्या किट्समध्ये अख्खा कृमी वाटून अँटिजन म्हणून वापरायचे, तिथे व्हायचीच. आता कॅथेप्सिन एल किंवा एफएच-सॅप-२ असं एकच प्रथिन घेतात, गल्लत खूप घटली. शून्य नाही. म्हणून सांजपाऊल यांच्याकडे ब्लॉट केला ते योग्यच. आणि वेळ बघायची. जुन्या, बऱ्या झालेल्या लागणीतही पॉझिटिव्ह येतं.

क्लोनॉर्किस-ऑपिस्थॉर्किसमध्ये मात्र मी स्वतः अँटीबॉडीवर फार भिस्त ठेवत नाही. तिथे पिल्लू यकृत कुरतडत नाही, पित्तनलिकेच्या तोंडातून सरळ वर चढतं आणि साधारण महिन्याभरात अंडी घालू लागतं. अंडी मिळतात, तर अंडीच शोधा. (बघा सर, म्हटलं की नाही.)

जुना_मायक्रोस्कोप

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

काचपट्टी

धागा वर काढतेय, शेवटचं सांगायला.

तो माणूस आला होता. विचारलं तर म्हणाला, नमुना देण्याच्या आदल्या रात्री कलेजी खाल्ली होती. कुणी विचारलं नाही म्हणून बोलला नाही. आठवडाभर बंद करायला सांगितली, मग एक दिवसाआड तीन नमुने घेतले. गाळ_उपसा काकांच्या पद्धतीने प्रत्येकी दहा ग्रॅम, नितळ होईपर्यंत धुतलं, मिथिलीन ब्लू, गाळाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत पाहिलं. एकूण २३ स्लाइड. एकही अंडं नाही. डॉक्टरांनी अँटीबॉडी पाठवली होती, तीही निगेटिव्ह. पद्धत बरोबर जमतेय ना हे बघायला काकांनीच पाठवून दिलेला जनावराचा पॉझिटिव्ह नमुना शेजारी चालवला होता, त्यात पहिल्याच थेंबात पिवळी अंडी. काका म्हणाले होते तसंच, निळ्यात पिवळी.

रिपोर्टात लिहिलं: आधीच्या नमुन्यातली अंडी आहारातून आलेली, लागणीचा पुरावा नाही. त्याला नोकरी लागली.

आमच्या फॉर्मवर कलेजीचा प्रश्न आला. मायक्रोस्कोपवरची चिठ्ठी काढून नवी लावली, त्यावर चारही ऑब्जेक्टिव्हची मापं. ती पहिली स्लाइड टाकवली नाही. कव्हरस्लिपच्या कडेने नेलपॉलिश फिरवून ठेवलीय आणि बाजूला मार्करने लिहिलंय: १० ला १४ घरं, ४० ला ५६.

गाळ_उपसा

नेलपॉलिशचा दुसरा थर द्या. एका थराने महिन्याभरात सुकते.